ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं

मागच्या अंकात "मुलांच्या दातांबद्दल काय विचारायचंय ते विचारा" असं लिहिलं आणि नंतर पत्रांचा असा काही पाऊस पडला की दोन रविवार त्यातच गेले. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून तोच, टूथपेस्ट कोणती आणू. मी लहान मुलांची डेंटिस्ट, म्हणजे रोज दहा-बारा पोरांकडून बोटं चावून घेणं हा माझा धंदा, पण कंपनीचं नाव काही मी सांगणार नाही. गरजही नाहीये, का ते पुढे कळेलच.

ताई, मुलगी अडीच वर्षांची आहे. दुकानात लहान मुलांच्या टूथपेस्टचा अख्खा रॅक असतो, एकीवर फ्लोराइड फ्री, दुसरीवर गिळली तरी चालेल, तिसरीवर शंभर टक्के नॅचरल. सोसायटीच्या ग्रुपवर फ्लोराइड म्हणजे विष असं फॉरवर्ड आलं होतं. सासूबाई म्हणतात आमच्या पोरांना मंजनच लावलं, काय झालं? मी ऐकू कुणाचं?
— एक आई, कोथरूड, पुणे

अगं सगळ्यात आधी ट्यूब उलटी कर. पुढे ससा-हत्ती-कार्टून काय असेल ते असू दे, मागच्या बारीक अक्षरांत फ्लोराइड किती पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, ते शोध. मी स्वतः मोबाइलवर फोटो काढून झूम करून वाचते, चष्मा लावूनही दिसत नाही एवढं बारीक छापतात. आपल्याकडे कायदाच आहे की टूथपेस्टमध्ये फ्लोराइड असेल तर ते १००० पीपीएमच्या वर जाता कामा नये आणि किती आहे तो आकडा ट्यूबवर आणि खोक्यावर छापायलाच पाहिजे. त्यामुळे आकडा सापडतोच. मुलांच्या पेस्टमध्ये काहींत शून्य असतो, काहींत ५०० च्या आसपास, काहींत १००० च्या जवळ.

मी १००० च्या जवळची घ्या म्हणते. कीड लागते म्हणजे नक्की काय होतं तर तोंडातले जंतू साखर खातात, ॲसिड सोडतात, त्या ॲसिडने दाताच्या वरच्या थरातलं कॅल्शियम थोडं थोडं निघून जातं, मग लाळ ते परत भरत बसते, हे दिवसभर चालूच असतं. फ्लोराइड ह्या भरण्याच्या कामात मदत करतं आणि नवा भरलेला थर आधीपेक्षा कडक होतो, भिंतीला पुट्टी मारतात ना, तसलंच. १००० च्या आसपासची पेस्ट कीड रोखते ह्याचा पुरावा भक्कम आहे, ५०० वाल्यांचा तेवढा नाही, आणि शून्यवाल्या पेस्टने दात घासला जातो, वास चांगला येतो, बस.

आता विषाचं. जास्त प्रमाणात फ्लोराइड पोटात गेलं तर वाईटच, खोटं नाहीये ते, पण प्रमाण बघा की. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला पेस्ट लावायची तांदळाच्या दाण्याएवढी, ती भरते साधारण ०.१ ग्रॅम, म्हणजे पोरीने सगळीच्या सगळी गिळली तरी पोटात गेलं ०.१ मिलिग्रॅम. तीन ते सहा वर्षांना वाटाण्याएवढी, ०.२५ ग्रॅमच्या आसपास. आणि तांदूळ म्हणजे आपला इंद्रायणी हं, लांबलचक बासमती नाही. एका आईने मला खरंच विचारलं होतं, शिजलेला की कच्चा. कच्चा!

सगळा घोळ जाहिरातींनी केलाय. त्यात ब्रशच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लाटेसारखी पेस्ट काढून दाखवतात, ती बघून आपण मोठी माणसंसुद्धा चारपट लावतो आणि मुलांना पण तशीच. तू असं कर, पेस्ट ब्रशच्या लांबीवर न काढता रुंदीवर आडवी जराशी पुसल्यासारखी लाव आणि ब्रिसल्समध्ये बोटाने दाबून टाक, नाहीतर पोरगी पहिल्या सेकंदाला वरची पेस्ट चाटून घेते आणि मग कोरड्या ब्रशने घासणं चालू.

अजून एक सांगते, दुकानदारांना आवडणार नाही. आपल्याकडे मोठ्यांच्या साध्या पेस्टमध्येही १००० च्या वर फ्लोराइड नसतंच, कायद्यामुळे. त्यामुळे मुलगी पुदिन्याचा तिखटपणा सहन करत असेल तर घरातल्या साध्या फ्लोराइडच्या ट्यूबमधलीच तांदळाएवढी चालते, दीडशे रुपयांची वेगळी ट्यूब आणायलाच पाहिजे असं नाही. तिखट लागतं म्हणून तोंड मिटत असेल तर मग आण मुलांची, फक्त आकडा बघून.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्यांच्या वेळी पोरांच्या हातात दिवसातून पाच वेळा बिस्किटं, केक आणि पॅकेटमधला ज्यूस नव्हता, म्हणून मंजनावर निभावलं. मंजन खरखरीत असतं, बोटाने लावतात आणि बोट काही दाढेच्या खाचेत जात नाही. असं सांगून बघ, नाहीतर माझं नाव सांग, मला सवय आहे.

माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलाने स्ट्रॉबेरीवाली टूथपेस्ट अर्धी खाल्ली. आम्ही घाबरून रात्री अकराला हॉस्पिटल गाठलं, तिथे काही नाही म्हणून परत पाठवलं. खरंच काही नाही का? वजन १५ किलो.
— एक बाबा, कल्याण

गेलात ते चांगलं केलंत. आता हिशोब करू. मुलांची ट्यूब ५० ग्रॅमची आणि ५०० पीपीएमची धरली तर अख्ख्या ट्यूबमध्ये २५ मिलिग्रॅम फ्लोराइड, अर्धीत साडेबारा. किलोमागे ५ मिलिग्रॅम पोटात गेलं की आम्ही ते धोक्याचं धरतो आणि सरळ दवाखान्यात पाठवतो, तुमच्या मुलासाठी ते होतात ७५ मिलिग्रॅम. म्हणजे बरंच लांब होता तो. असं परत झालं तर लगेच कपभर दूध द्या, दुधातलं कॅल्शियम फ्लोराइडला पकडून ठेवतं, पोटात थोडं दुखेल, मळमळेल, एखादी उलटी होईल. बोटं घालून मुद्दाम उलटी काढू नका. पण मोठ्यांची १००० वाली शंभर-दीडशे ग्रॅमची ट्यूब असेल आणि बरीच रिकामी दिसत असेल तर हिशोब करत बसू नका, दूध पाजा आणि ट्यूब हातात घेऊन निघा, डॉक्टरांना आकडा वाचता येईल.

बाकी मला राग कशाचा येतो सांगू, जॅमसारखा रंग, जॅमसारखा वास, वर कार्टून, आणि मागे बारीक अक्षरांत गिळू नये. पोराला वाचता येतं का? ट्यूब औषधांच्या फळीवर ठेवा, बेसिनवर नको.

दुधाचे दात पडायचेच असतात. मग दोन वर्षांच्या नातवाच्या दातांसाठी सुनेचा एवढा खटाटोप, रात्री झोपलेल्या पोराला उठवून ब्रश, हे जरा अति नाही का होत? आम्ही आठ भावंडं कडुलिंबाच्या काडीवर वाढलो.
— एक आजोबा, सांगली

आजोबा, झोपलेल्याला उठवणं अति होतंय हे मान्य, सूनबाईंना सांगा झोपायच्या अर्धा तास आधी उरकून घ्या म्हणून. पण बाकी मी त्यांच्याच बाजूने.

दुधाचे दात वीस. पुढचे सहा-सात वर्षांना पडतात आणि ते सगळ्यांना दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळेच लवकर पडतात. मागच्या दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. पाच वर्षांच्या पोराची दाढ किडली तर अजून सहा वर्षं त्याला त्याच दाढेने चावायचंय. लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा उरत नाही, मग वेडेवाकडे दात आणि पुढे तारा लावायचा खर्च. आणि दाढेच्या मुळाशी पू झाला तर त्याच्या खालीच पक्का दात तयार होत असतो, त्यालाही ते बाधू शकतं.

अजून एक गंमत म्हणा की फसगत, साधारण सहाव्या वर्षी सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे एक नवीन दाढ येते, काहीही न पडता. कुणाच्या लक्षात येत नाही. ती पक्की दाढ असते, जन्मभराची, आणि माझ्याकडे आठ वर्षांची मुलं येतात तेव्हा नेमकी तीच किडलेली असते आणि आई म्हणते "पडणारच आहे ना ही?" नाही हो, ही नाही पडायची.

आज नातवाला मांडीवर घ्या, वरचा ओठ अंगठ्याने उचला आणि हिरडीला लागून दाताकडे बघा, उजेडात. पाटीवरचा खडू ओल्या हाताने पुसल्यावर पांढरट पट्टा राहतो बघा, तसा दिसला तर ती किडीची सुरुवात. तेवढ्यात फ्लोराइडने आणि खाणं सुधारून ती थांबवता येते, तपकिरी खड्डा पडल्यावर नाही. आणि रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपत असेल तर पेस्ट कितीही चांगली आणा, उपयोग नाही.

ट्यूबच्या तळाला हिरवी पट्टी म्हणजे नॅचरल आणि काळी म्हणजे पूर्ण केमिकल, हे खरं का?
— एक वाचक, ठाणे

नाही. ती खूण पॅकिंगच्या मशीनसाठी, ट्यूब कुठे कापायची आणि चिकटवायची ते सेन्सरला कळावं म्हणून. ज्या रंगाची शाई छपाईला असेल त्या रंगाची पट्टी.

ताई, आमच्याकडे सासूबाई मशेरी लावतात. मुलगा पाच वर्षांचा, दाढ दुखते म्हणून रडत होता तर त्यांनी त्याच्या हिरडीला चिमूटभर मशेरी लावली. तो गप झोपला. आता दुखलं की तोच मागतो. मी काही बोलले तर घरात वाद.
— एक सून, सातारा जिल्हा

हे पत्र मी तीनदा वाचलं. बाई गं, हे थांबवायलाच पाहिजे, वाद झाला तर होऊ दे.

मशेरी म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू, दुसरं काही नाही. नाव दात घासायच्या वस्तूसारखं आहे म्हणून तिला कुणी व्यसन म्हणत नाही, बायका सकाळी परसात बसून अर्धा अर्धा तास बोट फिरवत बसतात आणि विचारलं तर "मी कुठं तंबाखू खाते!" तिच्यातलं निकोटिन हिरडीतून रक्तात जातं. पोरगं शांत झालं ते त्यामुळे, दाढ बरी झाली म्हणून नाही. आणि "तोच मागतो" हे जे तू लिहिलंयस ना, त्यानेच माझ्या पोटात गोळा आला. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनावर सरकारने १९९२ सालीच बंदी घातली, पण घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार.

आता दाढेचं बघ, ती किडलेली असणार. दुखेल तेव्हा मुलांचं पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे, डोस डॉक्टरांना विचारून. लवंगेचं तेल थेट लावू नकोस, लहान पोराची हिरडी भाजते त्याने. आणि उपजिल्हा रुग्णालयात दातांची ओपीडी आहे का ते चौकशी कर. शाळा-अंगणवाडीत तपासणीला डॉक्टरांची गाडी येते ना, ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा, त्यांच्या यादीत दातांचे आजारही आहेत, त्यांना दाखव आणि पुढे पाठवायची चिठ्ठी माग. सासूबाईंना पण सोबत ने. सुनेचं नाही ऐकलं तरी पांढऱ्या कोटातल्या माणसाचं ऐकतात, हा माझा अनुभव.

आमच्या गावात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, मोठ्या पोरांच्या दातांवर तपकिरी डाग आलेत. धाकटी तीन वर्षांची. तिला फ्लोराइडची टूथपेस्ट द्यायची की नाही? शहरातले डॉक्टर द्या म्हणतात, गावातले नको म्हणतात.
— एक शिक्षक, पांढरकवड्याजवळून

सर, तुमचा प्रश्न कोथरूडच्या प्रश्नासारखा दिसतो पण उत्तर तेच नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडचा किनवटकडचा भाग, इथे जमिनीतल्या खडकातूनच फ्लोराइड पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्या, असं भारतीय मानक आहे. समजा तुमच्या बोअरला ३ आहे. पोरीने दिवसाला एक लिटर पाणी प्यायलं की ३ मिलिग्रॅम पोटात. आणि तांदळाएवढी पेस्ट दोन वेळा, सगळी गिळली तरी ०.२. म्हणजे डाग पाडणारं पाणी आहे, पेस्ट नाही. पेस्ट बंद करून तेच पाणी पाजत राहिलात तर काहीच साधलं नाही.

तर आधी पाणी. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून नमुना जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत पाठवा, आकडा लेखी घ्या. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं, हे गावात सगळ्यांना सांगा कारण बऱ्याच आया मुलांसाठी मुद्दाम उकळून देतात. नुसती तुरटी फिरवूनही भागत नाही. तुरटी आणि चुना मोजून घालून, गाळ बसवून फ्लोराइड काढायची एक पद्धत आहे, आपल्या नागपूरच्या नीरी ह्या सरकारी संशोधन संस्थेनेच काढलेली, नलगोंडा पद्धत म्हणतात तिला, पण तिची मापं पाण्याच्या आकड्यावर ठरतात, अंदाजाने घरी करू नका. आरओमधून बरंचसं जातं. उघड्या विहिरीत बऱ्याचदा बोअरपेक्षा कमी असतं, तिचाही नमुना पाठवा. आणि वरण-भात, चहा पण त्याच चांगल्या पाण्यात करा, नुसतं प्यायला नको.

धाकटीसाठी मी असं सांगेन की पुढचे पक्के दात जबड्यात तयार होत असतात ते पहिल्या चार-पाच वर्षांत, म्हणजे तिच्यासाठी हाच काळ नाजूक. पाणी बदलेपर्यंत, आणि तिला नीट थुंकता येईपर्यंत, फ्लोराइड नसलेली पेस्ट किंवा नुसता ओला ब्रश वापरला तरी मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. पाणी चांगलं झालं, थुंकायला लागली, की तांदळाएवढी १००० वाली सुरू करा. पाण्यात फ्लोराइड जास्त म्हणून कीड लागतच नाही असं नाही, डागही आणि कीडही, दोन्ही असलेली पोरं मी बघितलीत.

मोठ्या पोरांचे डाग कुठल्याही पेस्टने जाणार नाहीत, कोळशाच्या काळ्या पेस्टने तर नाहीच, त्याने वरचा थर खरवडला जाईल. हलके डाग असतील तर डेंटिस्टकडे उपाय असतात, पण तो विषय त्यांचं वय जरा वाढल्यावर.

नणंद लंडनहून माझ्या पाच वर्षांच्या मुलासाठी टूथपेस्ट पाठवते, त्यावर १४५० लिहिलंय. तिकडची आहे म्हणजे चांगलीच असणार ना?
— एक आई, डोंबिवली

चांगली आहे, पण तिकडची म्हणून नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांच्या आत निदान १००० आणि त्यानंतर १००० च्या वर द्या असं सांगतात, ज्याला कीड जास्त त्याला १३५० ते १५००. आपला कायदा १००० वर थांबतो. तुमचं पोर वाटाण्याएवढी लावून नीट थुंकत असेल तर वापरा, चाटून खाणारं असेल तर इकडची बरी. आणि घासून झालं की थुंकायचं फक्त, खळाखळा चूळ भरायची नाही. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय तीन चुळा भर म्हणून, त्यामुळे हे कुणालाच पटत नाही, पण चूळ भरली की फ्लोराइड सगळं बेसिनमध्ये, मग लंडनहून मागवून काय उपयोग.

सगळं वाचलं, पेस्ट आणली, पण दीड वर्षाचा मुलगा तोंडच उघडत नाही. रोज रडारड. त्याच्या हातात ब्रश दिला तर चावत बसतो. काय करू?
— एक थकलेली आई, नाशिक

चावू दे, त्याचा एक ब्रश चावायला आणि तुझा एक घासायला, दोन ब्रश ठेव. सात-आठ वर्षांपर्यंत घासायचं काम मोठ्यांचंच, ज्या पोराला बुटाची लेस बांधता येत नाही त्याला मागची दाढही घासता येत नाही. समोर उभी राहून प्रयत्न करू नकोस, समोरून तोंडात काही दिसत नाही आणि ते मान फिरवतं. जमिनीवर बस, त्याचं डोकं तुझ्या मांडीत, पाय लांब तिकडे, तेल लावताना कसं घेतेस तसं. डाव्या हाताने ओठ बाजूला कर, उजव्या हाताने ब्रश, आधी वरच्या दाढा कारण सगळे त्याच विसरतात. एक गाणं संपेपर्यंत. रात्रीचं एक चुकवू नकोस, सकाळचं एखाद्या दिवशी राहिलं तर राहिलं. आणि रात्री घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही, दूध त्याच्या आधी.

रडला तर रडू दे. रडताना तोंड असं मोठं उघडतं की मागच्या दाढा मला क्लिनिकमध्ये सुद्धा तेव्हाच नीट दिसतात.